मधलं पद

"माझ्या हातून आजवर एकही पद सुटलेलं नाही," असं सूत्रसरांनी फरश्यांच्या दुकानात छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि मग त्याच हाताच्या तळव्यावर पेनाने हिशेब मांडून अठ्ठावन्न फरश्या मागवल्या. लागणार होत्या शंभर.

दुकानदार भला माणूस होता. मापं घ्यायला घरी माणूस पाठवतो, असं तो दोनदा म्हणाला. पण बीजगणिताचा खासगी वर्ग चालवणाऱ्याच्या घरी कुणी टेप घेऊन यावं, हे सरांना फारच लागलं. त्यांनी दुकानदाराला उभ्या उभ्या समजावून दिलं. जुनी खोली चौरस, एका बाजूला सात फरश्या बसतील एवढी. तिला समोरून आणि उजवीकडून तीन फरश्या रुंदीचा व्हरांडा होता. मधल्या दोन भिंती पाडल्या, व्हरांड्याला बाहेरून भिंती घातल्या, की झाला एकच मोठा चौरस हॉल. म्हणजे सात अधिक तीन, कंसाचा वर्ग. साताचा वर्ग एकोणपन्नास, तिनाचा वर्ग नऊ. बांधा.

शेंबड्या पोरानेही दहा दाहे शंभर म्हटलं असतं. पण ज्याला सूत्र येतं त्याला सरळ गुणाकार करायची लाज वाटते.

आता गंमत अशी की हेच सूत्र सर वर्गात रोज घोकून घ्यायचे. ए अधिक बी, कंसाचा वर्ग, बरोबर ए वर्ग, अधिक दोन एबी, अधिक बी वर्ग. त्यातल्या 'दोन एबी'ला ते टेबलावर अशी थाप मारायचे की शेजारच्या घरातली भांडी वाजायची. मुलांनी त्यांना सूत्रसर हे नाव दिलं ते त्या थापेमुळेच. त्या दिवशी दुकानात टेबल नव्हतं. काउंटर होता, तोही काचेचा. थाप मारता आली नाही, म्हणूनच ते पद तोंडातून निघालं नसावं.

फरश्या बसवायला मिस्त्री आला आणि सोबत त्याचा सख्खा भाऊ. दोघांची बोलचाल बंद होती. सरांनी हुकूम सोडला की हा गठ्ठा जुन्या खोलीचा आणि हा छोटा गठ्ठा व्हरांड्याचा. मिस्त्रीने मोठा गठ्ठा घेऊन मागचा कोपरा धरला, भावाने छोटा घेऊन समोरचा, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून कामाला लागले. दुपारी माल संपला तेव्हा एका कोपऱ्यात मोठा चौरस चकाकत होता आणि समोरच्या कोपऱ्यात चिमुकला. दोन्ही चौरसांची टोकं एका ठिकाणी जेमतेम टेकली होती, आणि त्या दिवसातला दोघा भावांचा संबंध तेवढाच. बाकी दोन लांबुळके पट्टे, एक दाराशी आणि एक फळ्याखाली, उघड्या सिमेंटचे राहिले होते. मिस्त्रीला वाटलं, मास्तर लोकांना असलंच काहीतरी आवडत असेल. तो हात धुऊन निघून गेला.

चहा घेऊन सरांची बायको आली आणि उंबऱ्यावरच थांबली. ती याच खोलीत वाढलेली. तिचे वडील, म्हणजे मोठे सर, हा वर्ग हयातभर चालवत होते, आणि सूत्रसर आधी त्यांचे विद्यार्थी आणि मग जावई. तिने एकदा मोठ्या चौरसाकडे पाहिलं, एकदा छोट्याकडे, आणि कपबशी नवऱ्याच्या हातात दिली.

"अहो, मधलं पद कुठाय?"

दोन्ही पट्टे सरांना आत्ता, या क्षणी, पहिल्यांदा दिसले. खरं तर एवढंच म्हणायचं होतं की चुकलं. पण हातात चहा, समोर बायको, आणि बायको कुणाची लेक, तर मोठ्या सरांची. "मुद्दाम ठेवलंय," ते म्हणाले. "प्रात्यक्षिक आहे. शैक्षणिक."

तेव्हा फळ्याखालच्या सिमेंटवर कुणीतरी चालल्याचा आवाज आला. टिक. सप. टिक. सप.

बायको म्हणाली, "बाबांच्या चपला अशाच वाजायच्या," आणि रिकामा ट्रे घेऊन घरात गेली. ती घाबरली नव्हती. माहेरचा आवाज होता तो.

घाबरले सर. कारण त्या चपला मोठे सर वारल्यावर त्यांच्या मुलाने, सरांच्या मेहुण्याने, स्वतःच्या हाताने देऊन टाकल्या होत्या. डाव्या चपलेचा खिळा वर आलेला होता, म्हणून डावा पाय टिक वाजायचा. उजव्याची टाच झिजलेली, म्हणून तो सप. मोठ्या सरांची शिकवायची एक रीत होती. मुलाचं चुकलं तर ते चुकलं म्हणून सांगायचे नाहीत. कुठे चुकलं ते तर नाहीच नाही. ते चपला ओढत यायचे आणि मुलाच्या मागे उभे राहायचे. नुसते उभे. मुलाला स्वतःला चूक सापडेपर्यंत. मानेवर त्यांचा संथ श्वास, नाकात सांधेदुखीच्या मलमाचा वास, आणि समोर वही. चूक सापडली की ते दोनदा घसा खाकरायचे आणि पुढच्या बाकाकडे वळायचे.

सूत्रसरांचं सगळं लहानपण तो श्वास मानेवर घेऊन गेलं होतं. चूक ठरलेली, मधलं पद. ते कुठून येतं हेच त्यांना कळायचं नाही. शेवटी त्यांनी ते कळून घ्यायचा नाद सोडला आणि पाठ केलं, थाप मारून. पाठ झाल्यावर शोधायची गरज उरली नाही. मोठे सरही मागे उभे राहायचे थांबले, आणि पुढे मुलगीही दिली. जावयाला वाटलं, आपण जिंकलो.

आता त्या वर्गाचं काय व्हायचं ते मोठ्या सरांनी जाण्याआधी सांगून ठेवलं होतं. पलंगाच्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला जावई. माझ्यानंतरच्या सत्राच्या पहिल्या दिवशी बाकं भरली तर खोली वर्गाची, नाही भरली तर गाद्यांची, एवढंच म्हणाले. मुलगा, म्हणजे सरांचा मोठा मेहुणा, गाद्यांचा व्यापारी. सगळे त्याला गादीशेठ म्हणायचे. त्याला गोदाम हवं होतं. मन वाईट नव्हतं त्याचं. वर्ग बंद पडला तर भाऊजींना उघड्यावर टाकायचं नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं आणि दुकानात त्यांच्यासाठी कामही काढून ठेवलं होतं. गिऱ्हाईक आलं की गादीवर आडवं होऊन दाखवायचं. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, आणि मग समाधानाने उठायचं. "शिकलेला माणूस झोपला की गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो," तो म्हणायचा.

सर त्या कल्पनेने दचकून जागे व्हायचे. आता जागेपणीही दचकायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फरश्यांच्या दुकानात निरोप धाडला. तो नमुना बंद झालाय, होता तेवढा तुम्हीच नेला, असं उत्तर आलं. वेगळ्या रंगाच्या फरश्या घालायच्या म्हणजे चुकीला किनार लावून मिरवण्यासारखं होतं. सरांनी सतरंजी अंथरली. चपला सतरंजीखालून वाजू लागल्या, जरा घोगऱ्या. फळ्याखालच्या पट्ट्यात त्यांनी कपाट सरकवलं. कपाटात वाजू लागल्या, आणि आतली डस्टरं टिक पडली की हलायची आणि सप पडली की हलायची. तेव्हा सरांनी मिस्त्रीला परत बोलावलं. छोट्या चौरसाखालचं सिमेंट अजून धरलं नव्हतं. त्या नऊ फरश्या उचल आणि फळ्याखाली, मी उभा राहतो तिथे बसव, असं सांगितलं. आपल्या पायाखाली तरी फरशी असू दे. उघड्या सिमेंटवर जो काय फिरतोय तो फिरो.

मिस्त्रीने बसवल्या. आणि इथे सर आणखी एकदा स्वतःच्याच विषयात नापास झाले. राशी कशीही मांडा, पदं इकडची तिकडे करा, कंस सोडवा नाहीतर घाला, तिची किंमत बदलत नाही, हे ते स्वतः मुलांना शिकवत आले होते. फरश्या हलवल्या, पण उघडी जागा जेवढ्यास तेवढी. उलट आधी दोन पट्टे वेगवेगळे होते, मधे छोटा चौरस आडवा यायचा आणि चपला तिथे थांबायच्या. आता तो कोपरा मोकळा झाला. मोठ्या सरांना फेरी मारायला वळण मिळालं. दारापासून निघायचं, कोपऱ्यात वळायचं आणि सरांच्या बेटापर्यंत यायचं. बेटाच्या काठाशी आवाज थांबायचा. भर दुपारी, ऊन खिडकीतून सरळ आत येत असताना, सर त्या नऊ फरश्यांवर बूट जवळ घेऊन उभे असायचे आणि काठापाशी कुणीतरी वाट बघत असायचं. मग कपाटापलीकडून, बेटाच्या दुसऱ्या काठाशीही कुणीतरी वाट बघू लागायचं. तिथे जायला वाटच नव्हती.

फळ्यावरचं तर विचारू नका. सरांनी संध्याकाळी काहीही लिहून ठेवावं, सकाळी त्यातलं मधलं गेलेलं. एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा लिहिलं, तर सकाळी एक्स वर्ग, मग हातभर कोरी जागा, मग सहा. पुसल्याची खूण नाही, पांढरा ओरखडा नाही. जणू तिथे खडू कधी टेकलाच नव्हता. सरांनी चिडून 'सूचना : सुट्टी : आहे' असे तीन शब्द लिहिले. सकाळी 'सूचना' आणि 'आहे' एवढंच होतं, आणि सूचना आहे हे वाचून आलेली चार मुलं दाराशी ताटकळत उभी होती.

त्याच मुलांना आत घेऊन सरांनी रंगीत तालीम म्हणून तास घ्यायचं ठरवलं. बाक तिघांचं. चौघांतली तिघं पहिल्या बाकावर बसायला गेली आणि दोघं दोन टोकांना बसली. तिसरा उभाच. मधे बस, असं सरांनी सांगितलं. तो म्हणाला, मधे कुणीतरी बसलंय.

सरांनी आवाज चढवून विचारलं की कोण बसलंय. त्याने मान खाली घातली आणि सांगितलं की दिसत नाही, पण मलम लावलेलं आहे.

ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. सूत्रसरांच्या वर्गात मधे बसायचं नसतं, असं आया मुलांना बजावू लागल्या. वर्गातून नावं काढून घ्यायला मात्र कुणी आलं नाही, कारण त्या सगळ्या आया मोठ्या सरांच्या हाताखालून गेलेल्या होत्या. आपल्या मुलांच्या मानेवरही तो श्वास पडावा, असं त्यांना मनातून वाटत असावं. फक्त टोकाला बसायचं, एवढी अट.

आणि अट नेमकी तीच आड येत होती. टोकं भरली तरी बाक भरत नाही. सर रात्रंदिवस हेच मनात घोळवत होते. प्रत्येक बाकावर दोघंच बसणार, मधली जागा रिकामी, आणि गादीशेठ टेप घेऊन दारात. बायकोने एकदा जेवताना शांतपणे म्हटलं की बाबांना सांगून टाका ना, चुकलं म्हणून. त्यांना एवढंच हवंय. त्यावर सर म्हणाले की चूक आहेच कुठे. ते म्हणताना त्यांच्या ताटातल्या तीन वाट्यांपैकी मधली वाटी कुठे गेली ते दोघांनाही कळलं नाही. बायकोने दुसरी आणून ठेवली. ती मात्र कडेला ठेवली.

सत्राचा पहिला दिवस उजाडला. मुलं आली, आया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि सगळी बाकं दोन्ही टोकांना गच्च आणि मधे मोकळी अशी भरली. उरलेली मुलं भिंतीशी रांगेत उभी, पण मधे बसायला एकही तयार नाही. गादीशेठ आला तो टेप हातात घेऊनच. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि हळहळल्यासारखं केलं. म्हणाला, भाऊजी, बाकं काही भरली नाहीत बरं का. मग डोळ्यांनीच गाद्या रचायला लागला. उभ्या लावल्या तर किती, आडव्या लावल्या तर किती.

सर फळ्याकडे वळले. काहीतरी केलं पाहिजे म्हणून त्यांनी जे येत होतं ते केलं. ए अधिक बी, कंसाचा वर्ग, असं लिहिलं आणि शिकवायला सुरुवात केली. ए वर्ग, अधिक दोन एबी. थाप मारायला टेबल शोधलं, तर टेबल कपाटाच्या पलीकडे. थाप हवेतच राहिली.

"भाऊजी, थांबा जरा," दारातून गादीशेठ म्हणाला. तो टिंगलच करायला निघाला होता. पण टेपची पट्टी त्याच्या हातात तशीच राहिली आणि आवाज भलताच निघाला, शाळकरी. "हे दोन एबी येतं कुठून? बाबा माझ्या मागे वर्षानुवर्षं उभे राहिले याच्यापायी. शेवटी मी शाळा सोडली आणि गाद्या धरल्या. कुठून येतं ते?"

भिंतीला टेकलेल्या आयाही सरसावल्या. त्यांनाही कुणी कधी सांगितलं नव्हतं.

सरांनी तोंड उघडलं. सूत्र होतं, थाप होती, त्यांच्या मागे काहीच नव्हतं. मग बाकांवरून, एकेका मधल्या जागेवरून, कुणीतरी उठल्यासारखी लाकडं करकरली. टिक. सप. दाराजवळून, कोपऱ्यात वळून, टिक, सप. बेटाचा काठ आला. या वेळी आवाज थांबला नाही. नव्या फरश्यांवर टिक जरा जास्तच स्पष्ट वाजलं. आणि सरांच्या मानेवर तो संथ, उबदार श्वास येऊन थांबला. मलमाचा वास सगळ्या वर्गाने घेतला.

सर चाळिशी उलटलेले. पोट सुटलेलं, चष्मा लावलेला. पण त्या श्वासाखाली ते पुन्हा चड्डीतले झाले. हातात खडू, डोळ्यांत पाणी, आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही. वर बघायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी मान खाली घातली. खाली फरशी होती.

ते बराच वेळ फरशीकडे बघत राहिले. आणि मग लहान मुलाला अचानक चुलीमागचं मांजर दिसावं तसं त्यांना ते दिसलं.

त्यांनी फळ्यावर एक मोठा चौरस काढला. आत दोन रेघा, एक उभी, एक आडवी. एका कोपऱ्यात मोठा चौरस पडला, समोरच्या कोपऱ्यात छोटा. "ही जुनी खोली," ते म्हणाले. "सात बाय सात. ही ए वर्ग. हा कोपरा तीन बाय तीन, बी वर्ग. मी एवढ्याच्याच फरश्या आणल्या. आणि हे दोन पट्टे..." त्यांनी खडूने ते भरायला घेतले. "याची लांबी ए, रुंदी बी. ह्याचीही लांबी ए, रुंदी बी. म्हणून एबी दोनदा. सात त्रिक एकवीस आणि सात त्रिक एकवीस. हे मी विसरलो. मुद्दाम ठेवलेलं नाही. चुकलं."

गादीशेठ हळूहळू पुढे आला. उघड्या सिमेंटवर वाकला आणि टेप लांबी-रुंदीला लावून त्याने स्वतः खात्री करून घेतली. मग तसाच उकिडवा बसून राहिला.

"एवढंच होतं?" तो म्हणाला. "मग बाबांनी सांगितलं का नाही कधी?"

"ते सांगायचे नाहीत, दादा," दारातून त्याची बहीण म्हणाली. "उभे राहायचे."

फळ्यापाशी कुणीतरी दोनदा घसा खाकरला. श्वास मानेवरून उतरला. टिक, सप, कोपऱ्यात वळून, दाराजवळून, उंबऱ्यावर एक टिक, आणि बाहेर ऊन होतं. भिंतीशी उभा असलेला एक मुलगा पहिल्या बाकाकडे गेला, मधल्या जागेवरून हात फिरवून त्याने पाहिलं आणि बसला. "उठले," एवढंच तो म्हणाला. मग सगळी बाकं मधून भरायला लागली. एका बाकावर तर चौघं मावले. गादीशेठने टेप गुंडाळून खिशात घातली आणि कुणाला न सांगता शेवटच्या बाकाच्या टोकाला जाऊन बसला. अवयव पाडायचा तास संपेपर्यंत तो उठला नाही. एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहाचे अवयव त्याने फळ्यावर येऊन पाडले, आणि मधल्या पाच एक्सचे दोन एक्स अधिक तीन एक्स असे तुकडे करताना तो इतका हसला की खडू मोडला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सरांचा आत्मविश्वास परत आला होता.

आता चूक लपवायची नव्हती, तेव्हा रंगाचा प्रश्नच मिटला. राहिलेल्या बेचाळीस फरश्या दुसऱ्या नमुन्याच्या आल्या, तपकिरी. बेटावरच्या नऊ उचलून पुन्हा कोपऱ्यात गेल्या. सरांनी या वेळी हिशेब तीन वेगवेगळ्या रीतींनी केला, विस्तार करून, सामाईक काढून आणि नुसता मोजून. सगळ्या रीतींनी एकच उत्तर आलं. गादीशेठ मुद्दाम बघायला आला, कारण आता त्याला पट्टे आवडू लागले होते. मिस्त्रीने नवी फरशी हातात तोलली आणि म्हणाला की साहेब, ह्या जुन्यांपेक्षा बोटभर जाड आहेत, वर येतील. सर हसले. उंचीचा इथे संबंधच काय, असं त्यांनी त्याला समजावलं. आपण क्षेत्रफळ काढतोय. घातांक दोन आहे, तीन नाही. लांबी आणि रुंदी, झालं.

रस्त्यावरची धूळ ओल्या सिमेंटवर येऊ नये म्हणून त्यांनी दार लावून घ्यायला लावलं. कामाची सुरुवात दारापासूनच झाली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. आपण पान वरून भरत जातो ना, तसंच. दोघा भावांनी उंबऱ्याला चिकटून पहिली ओळ लावली आणि पाठीमागे सरकत गेले. संध्याकाळी शेवटची फरशी बसली. चारही जणांनी मागे सरून बघितलं. सात अधिक तीन, कंसाचा वर्ग, एकही जागा मोकळी नाही. सरांनी थाप मारली. या वेळी टेबल होतं.

मग ते दार उघडायला गेले. दार आत उघडणारं होतं. खालची कड तपकिरी फरशीला जाऊन भिडली आणि तिथेच थांबली. गादीशेठने जोर लावला. मिस्त्रीने लावला. भावाने लावला, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच तो मिस्त्रीशी बोलला. काय बोलला ते सांगण्यासारखं नाही. हॉलला दुसरं दार नव्हतं, आणि खिडक्यांना गज होते.

आवाज ऐकून बाहेरून बायको म्हणाली, "अहो, काय झालं? दार का लावलंय?"

"मुद्दाम ठेवलंय," सर म्हणाले.

बाहेर, जिथे पूर्वी व्हरांड्याची पायरी होती, तिथून चपला ओढत कुणीतरी आलं आणि दारापलीकडे उभं राहिलं. बायको सुताराकडे गेली. सुतार पाहुण्यांकडे गेला होता, परवा येणार होता.